गार्टर सापाचं रानातलं पिल्लू खात नाही, तेव्हा

मुलगा हात पाठीमागे धरून स्वयंपाकघरात आला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सप्टेंबरचा पहिला शनिवार, मिशिगनमधलं आमचं घर. त्याच्या ओंजळीत पेन्सिलीपेक्षा बारीक, वीतभर लांब सापाचं पिल्लू होतं. काळसर अंग, पाठीच्या मधोमध पिवळी रेघ, दोन्ही कुशींवर आणखी एकेक. चिपळूणहून आलेली आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता तिनं मान वळवली आणि म्हणाली, "अरे, ही तर नानेटी! सोड तिला बागेत."

नानेटी नव्हती ती, पण आईचं फार चुकलं नव्हतं. हा गार्टर साप: कोकणातल्या नानेटीसारखाच इथला पट्ट्यापट्ट्यांचा, बागेत फिरणारा, माणसाला निरुपद्रवी साप. फरक इतकाच की नानेटी अंडी घालते आणि गार्टरची मादी थेट पिल्लं देते, साधारण जुलैअखेर ते सप्टेंबरच्या दरम्यान, एका वेळी दहा-वीस, कधी चाळीसही. म्हणून याच दिवसांत ती अंगणात, गॅरेजमध्ये, मुलांच्या हातांत सापडतात.

आईचा सल्ला मी तेव्हाच ऐकायला हवा होता. ऐकला नाही, आणि पुढचे दहा दिवस त्या पिल्लानं अन्नाला तोंड लावलं नाही. मी काय काय चुकीचं केलं आणि शेवटी कशानं जमलं, ते इथे क्रमानं लिहितो. नंतर आम्ही पैदास करणाऱ्याकडून, म्हणजे पाळीव सापांच्या पोटचा, एक गार्टर आणला. तो सहा वर्षं आमच्याकडे आहे, त्यामुळे पुढच्या आहाराबद्दलही थोडं सांगता येईल.

आधी कायदा आणि कॅलेंडर

रानातला साप ठेवता येतो का, किती, कोणत्या जातीचा, हे अमेरिकेत राज्यागणिक बदलतं. आपल्या राज्याच्या वन्यजीव किंवा नैसर्गिक संसाधन खात्याचे नियम वाचा, आणि वाचेपर्यंत पिल्लू जिथे सापडलं तिथेच राहू द्या. गार्टर सगळेच सर्रास आढळणारे नसतात. सॅन फ्रान्सिस्को गार्टर ही निळसर-लाल पट्ट्यांची देखणी जात १९६७ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

भारतातून वाचत असाल तर तुमच्यासाठी हा विषय इथेच संपतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे नानेटी काय, दिवड काय, पकडून घरात ठेवता येत नाही. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवा.

नियमात बसत असेल तर दुसरी गोष्ट कॅलेंडरची. पिल्लाला परत सोडायची तारीख आजच लिहून ठेवा. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये फ्रॉस्ट, म्हणजे रात्री गोठणारं दव, पडायला लागतो. त्याआधी सापाला जमिनीत, हिवाळ्यात माती जिथवर गोठते त्याच्याही खाली जागा शोधायची असते. मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर २८ सप्टेंबरला लाल गोल केला. मुलगा रडला, पण गोल राहिला.

घरात आधीच पाळलेले साप असतील तर हे पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवा. चिमटा वेगळा, पाण्याची वाटी वेगळी. रानातल्या सापांच्या अंगावर गोचिड्यांसारखे माइट्स, पोटात जंत, कधी कातडीची बुरशी असते. आणि उलट दिशेनंही तेच: पाळीव सापांचा रोग रानात नेणं त्याहून वाईट.

हात मात्र प्रत्येक वेळी साबणानं धुवायचे. सरपटणाऱ्या प्राण्यांवर साल्मोनेला असतोच असं धरून चाला. पाच वर्षांखालच्या मुलांनी साप हाताळू नये, असं अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्रही सांगतं.

घाई कशाला नको

नुकतं जन्मलेलं पिल्लू पोटात पिवळ्या बलकाची शिदोरी घेऊन येतं. पोटाच्या खालच्या बाजूला बारीक रेघेसारखी बेंबीची खूण दिसली तर ते काही दिवसांचंच आहे, आणि आठवडाभर खाल्लं नाही तरी मरत नाही. डोळे दुधी-निळसर झाले असतील तर कात टाकायची वेळ आलीय. त्या दिवसांत साप बहुधा खात नाहीत. कात पडली की दुसऱ्या दिवशी प्रयत्न करा, तेव्हा भूक चांगली असते.

काळजीची लक्षणं वेगळी. पाठीचा कणा वर आलेला, शेपटीचं मूळ बारीक झालेलं, कातडीला न मिटणाऱ्या सुरकुत्या, तोंड उघडं टाकून श्वास घेणं. अशा पिल्लावर घरगुती प्रयोग नकोत. सरपटणारे प्राणी पाहणारा पशुवैद्य किंवा परवाना असलेलं वन्यजीव शुश्रूषा केंद्र गाठा.

घर लहान हवं

माझी पहिली चूक ही. मुलाच्या जुन्या वीस गॅलनच्या काचेच्या टाकीत मी फांद्या, दगड, शेवाळ मांडून जंगल केलं. पिल्लू एका कोपऱ्यात दोन दिवस पसरून पडलं. उघड्यावर ते घाबरतं. त्याच्या दृष्टीनं आपण बगळा, कावळा, मांजर यांच्या रांगेतलेच आहोत.

बुटांच्या खोक्याएवढा, घट्ट झाकणाचा, पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या. बाजूंना गरम सुईनं भोकं पाडा. भोक पिल्लाच्या डोक्यापेक्षा बरंच लहान हवं. डोकं शिरलं की अंग शिरतंच. तळाला साधा पेपर टॉवेल. देवदार किंवा पाइनचा भुसा घालू नका, त्याचा उग्र वास सापांना बाधतो. दोन्ही टोकांना लपायची जागा द्या, टॉयलेट पेपरची मधली पुठ्ठ्याची नळी चपटी करून टाकली तरी चालतं. एका कोपऱ्यात ओला, घट्ट पिळलेला कागद असलेला छोटा डबा, कातीसाठी. उथळ वाटीत पाणी.

उष्णतेकडे मात्र नीट लक्ष द्या. डब्याच्या एक तृतीयांश भागाखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, आणि ती तापमान आवरणाऱ्या थर्मोस्टॅटला जोडलेली. उबदार टोकाला ८५ फॅरनहाइट, म्हणजे २९-३० सेल्सियस. थंड टोकाला ७० ते ७५, म्हणजे २१-२४. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावूच नका, खालून भाजणं सापाला वेळेत कळत नाही. थंड सापाला अन्न पचत नाही आणि तो मागतही नाही. आमच्या घरात तेव्हा एसी चालू होता आणि टाकी त्याच्या झोताखाली होती! पाच दिवस मी पिल्लाला हट्टी म्हणत होतो. खरं तर त्याला थंडी वाजत होती.

घर लावून झालं की डब्यावर टॉवेल टाका आणि पाच दिवस विसरा. पाणी बदलण्यापलीकडे हात नाही, उघडून बघणं नाही, शेजारच्या पोरांना दाखवणं तर नाहीच. मुलासाठी हेच सगळ्यांत अवघड होतं. त्याला वहीत डब्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचं काम दिलं.

कोणतं गांडूळ

गार्टरची पिल्लं रानात मुख्यतः गांडुळं खातात. गोगलगाईचे बिनशंखाचे भाऊबंद म्हणजे स्लग, छोटे बेडूक, मासे हेही असतात, पण सुरुवात गांडुळानं करा. उंदराचं पिल्लू आणि रातकिडे यांच्या मागे लागू नका. रातकिडा हे यांचं खाणंच नाही, हे मला दुकानात पैसे मोजल्यावर कळलं.

आता दुसरी चूक, आणि ही धोक्याची होती. आमच्या कंपोस्टच्या डब्यात लाल गांडुळं होती, फुकट. त्यांना इथे रेड विगलर म्हणतात. महाराष्ट्रात गांडूळखताच्या वाफ्यांत हीच जात सर्रास वापरतात, शास्त्रीय नाव आयसेनिया फेटिडा. एक छोटं निवडून टाकलं. पिल्लानं जीभ लावली, चक्क पकडलं, आणि लगेच सोडून तोंड कागदावर घासत सुटलं, आपण कडू कारलं थुंकावं तसं. या गांडुळाच्या अंगातून डिवचल्यावर पिवळट, घाण वासाचा द्रव निघतो. त्यात लायसेनिन नावाचं प्रथिन असतं, कणा असलेल्या प्राण्यांच्या पेशींना ते विषारी. गार्टरला हे गांडूळ कधीच द्यायचं नाही. गिळलं असतं तर काय, या विचारानं मला रात्रभर झोप नव्हती.

ओळखायचं कसं? रेड विगलर बारीक, गडद लाल, अंगावर फिकट पिवळसर कडी, हात लावताच चाबकासारखं वळवळतं. हवं ते नाइटक्रॉलर: जाड, लांब, तपकिरी-गुलाबी, मागचं टोक चपटं. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात गळाला लावण्यासाठी ती डझनानं मिळतात. विकत घेताना डब्यावरचं नाव वाचा, आणि हिरव्या-निळ्या रंगात रंगवलेली गांडुळं घेऊ नका. अंगणातली चालतात, पण त्या हिरवळीवर खत किंवा कीटकनाशक कधी मारलेलं नसेल तरच.

ती फ्रिजमध्ये टिकतात. डबा मात्र दह्याच्या डब्यांपासून लांब ठेवा. आमच्याकडे आई ताक करायला डबा घेऊन बसली आणि झाकण उघडलं... त्यानंतर गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रिज आला.

पहिला घास

संध्याकाळची वेळ निवडा. गांडूळ क्लोरीन काढलेल्या पाण्यात धुऊन माती काढा. यासाठी ठेवलेल्या वेगळ्या कात्रीनं मागच्या बारीक टोकाचा सेंटिमीटरभर तुकडा कापा. नाइटक्रॉलर पिल्लापेक्षा जाड असतं, तेव्हा तुकडा उभाही चिरावा लागतो. माप सोपं आहे: पिल्लाच्या अंगाच्या सगळ्यांत जाड भागापेक्षा घास रुंद नको. तुकडा थोडा वेळ वळवळत राहतो, ते आपल्या फायद्याचं.

दोन-तीन तुकडे उथळ झाकणात ठेवून झाकण लपायच्या जागेच्या तोंडाशी सरकवा. लोणच्याच्या बरणीचं झाकण घेऊ नका. कितीही घासलं तरी त्याला मोहरी-हिंगाचा वास राहतो, आणि इथे सगळा कारभार वासाचा आहे. डबा झाका, दिवा घालवा, खोलीतून निघून जा. सकाळी उरलेलं उचलून टाका.

वासाचं महत्त्व का, तेही सांगतो. साप जीभ बाहेर काढून हवेतले आणि जमिनीवरचे कण टिपतो आणि टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियापाशी नेतो. गॉर्डन बर्गहार्ट या अमेरिकी प्राणिवर्तनतज्ज्ञानं १९६०च्या दशकात जन्मल्यापासून काहीही न खाल्लेल्या पिल्लांसमोर कापसाचे बोळे धरले. काही गांडुळाच्या अर्कात बुडवलेले, काही नुसत्या पाण्यात. गांडुळाच्या वासाच्या बोळ्यावर पिल्लांनी जीभ भराभर चालवली आणि त्याला चावलीसुद्धा. भक्ष्य कोणतं, हे ती पोटातूनच शिकून येतात.

पण सगळ्यांचं शिक्षण सारखं नसतं. कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका गार्टर जातीत किनाऱ्याकडची पिल्लं स्लग आवडीनं खातात, तर आतल्या डोंगराळ भागातली त्यांना तोंड लावत नाहीत, हे स्टीव्हन अर्नोल्ड या जीवशास्त्रज्ञांनी दाखवलं. प्रयोगशाळेत जन्मलेल्या पिल्लांतही हा फरक दिसला. म्हणून एका खाण्याला नकार आला की दुसरा वास देऊन पाहायचा.

दोन वेळा झाकण जसंच्या तसं परत आलं तर पुढचे उपाय करा. पण रोज एक नको. प्रत्येक प्रयत्नानंतर दोन दिवस विश्रांती, नाहीतर आपला वासच त्याला भीतीचा वाटायला लागतो.

सगळ्यांत भरवशाचा उपाय डबीचा. दह्याची छोटी डबी घ्या, स्वच्छ धुतलेली. झाकणाला भोकं, तळाला ओला कागद, गांडुळाचे तुकडे, आणि हलक्या हातानं पिल्लू. झाकण घट्ट लावून डबी अंधाऱ्या, नेहमीच्या घरातल्या उबेच्या जागी दोन-तीन तास ठेवा. एवढ्याशा जागेत पिल्लू हललं की घासाला अंग लागतं, जीभ आपोआप चालते. डबी हीट मॅटवर ठेवू नका. बंद डबीत पिल्लू उकडून मरतं. भावंडं पकडली असतील तर प्रत्येकाची डबी वेगळी. एकाच गांडुळाची दोन टोकं दोघांनी गिळली तर मध्ये भेट होते तेव्हा मोठं लहानाला गिळत राहतं.

चिमटा हा त्यानंतरचा. लांब, बोथट टोकाचा. तुकडा नाकासमोर नाही, थोडा बाजूला धरून जमिनीवरून संथ ओढत न्यायचा, गांडूळ सरपटतं तसा. पिल्लानं अंग आक्रसलं की थांबा. तोंडावर आपटत राहिलात तर तो हल्ला झाला.

तरीही नाही, तर वास बदला. ताज्या माशाचा, सॅमन किंवा तिलापियाचा (उजनीच्या बाजूला जिला चिलापी म्हणतात), नखाएवढा पातळ काप गांडुळाला घासून द्या. किंवा उथळ वाटीत, जेमतेम अंग बुडेल इतक्या पाण्यात, एक-दोन छोटे गप्पी मासे सोडा. आपल्याकडे डासांसाठी टाक्यांत सोडतात तेच. मासा वळवळला की बऱ्याच अडून बसलेल्या पिल्लांची शिकारीची कळ दाबली जाते.

आमच्या पिल्लानं अकराव्या रात्री डबीत खाल्लं. मी टॉर्चवर लाल कागद लावून बाजूनं पाहत होतो. आधी ते तुकड्यावरून सरळ निघून गेलं. मग थांबलं, वळलं, जीभ दोन-तीनदा अगदी टेकवली. आणि मधोमध पकडलं. मधून पकडल्यावर गिळता येत नाही, म्हणून जबडा डावा-उजवा सरकवत ते टोकापर्यंत गेलं, चालताना आपण पाय टाकतो तसं एकेक बाजू पुढे टाकत. मान जराशी फुगली, फुगवटा मागे सरकला, आणि त्यानं जांभई दिल्यासारखं तोंड उघडून जबडा परत बसवला. सगळं मिळून चार मिनिटं.

खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. त्याच आनंदात मुलानं उचललं असतं तर घास बाहेर आला असता. घास उलटलाच तर आठवडाभर काही देऊ नका, तापमान तपासा, आणि पुढचा घास अर्धा करा. पुन्हा उलटलं तर विष्ठा घेऊन पशुवैद्याकडे.

पुढची वाढ

पिल्लाला आठवड्यातून दोनदा, दोन-तीन तुकडे. गांडुळात कॅल्शियम कमी असतं, म्हणून एकाआड एक घासावर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी कॅल्शियमची पूड चिमूटभर. जास्त टाकली तर वास बदलतो आणि नकार येतो.

माशाच्या बाबतीत एक सापळा आहे. बाजारात स्वस्त मिळणारे गोल्डफिश आणि रोझी रेड मिनो यांत थायमिनेज हे विकर असतं. ते जीवनसत्त्व ब-१ नष्ट करतं. सतत तेच दिलं तर साप थरथरतो, डोकं वाकडं करून पिळवटतो, आणि उपचार न झाल्यास मरतो. गोठवून ते जात नाही. गप्पी, ट्राउट, सॅमन, तिलापिया यांत ही अडचण नाही. नुसते मांसाचे कापही पुरत नाहीत. हाडं-आतडी असलेला अख्खा प्राणी हवा.

म्हणूनच जे गार्टर कायमचे ठेवले जातात, त्यांना हळूहळू उंदराच्या गोठवलेल्या पिल्लांवर आणतात. कोमट पाण्यात वितळवायचं, गांडूळ घासायचं, सुरुवातीला नखाएवढा तुकडा गांडुळाच्या तुकड्यांत मिसळायचा. आमच्या पाळीव सापाला यासाठी सात आठवडे लागले. रानातून आणलेल्या पिल्लाला मी या वाटेला लावणार नाही, कारण त्याला परत जाऊन गांडुळंच शोधायची आहेत.

खाल्लंच नाही तर

पकडल्यापासून तीन आठवडे ही माझी मर्यादा. त्यात अंग बारीक व्हायला लागलं तर त्याआधीच. तोंड उघडून जबरदस्तीनं भरवणं घरी करायचं नाही. एवढ्याशा पिल्लाचा जबडा मोडायला बोटाचा जोर पुष्कळ होतो, आणि त्या धसक्यानं उरलेली भूकही जाते. सप्टेंबर सरत आला आणि दिवस लहान झाले की पुष्कळ गार्टर आपोआप खाणं सोडतात. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिसला असे हजारो साप चुनखडीच्या खडकांतल्या एकेका बिळात हिवाळा काढायला जमतात आणि वसंतात झुंडीनं बाहेर येतात. ती ओढ लागलेल्या पिल्लाला डबीत कोंडून गांडूळ दाखवण्यात अर्थ नाही.

सोडायचं ते सापडलं तिथेच, अगदी तेच अंगण, तेच कुंपण. दुसऱ्या तळ्याकाठी "चांगली जागा" म्हणून नेऊ नका. त्याला तिथल्या बिळांचा पत्ता नसतो. ऊन असलेला दिवस, सकाळी दहा-अकरा, आदल्या रात्री पाऊस पडून गेला असेल तर उत्तम, कारण गांडुळं वर असतात. शेवटच्या खाण्यानंतर दोन दिवस गेलेले हवेत.

आमच्या पिल्लानं चारदा खाल्लं. २८ तारखेला मुलानं डबा गॅरेजमागच्या दगडी कट्ट्याशी आडवा ठेवला. पिल्लू बाहेर आलं, मुलाच्या मनगटावर, घाबरलेला गार्टर सोडतो तो घाण वासाचा द्रव सोडला, आणि दोन दगडांच्या फटीत शिरलं. मुलगा हात धुवायला घरात आला, तर आईनं विचारलं, "सोडलीस का नानेटी?"